या खुर्चीवर ते बसले नव्हते

काकांच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, नोकरीचा नव्हता, मी मासे तळणार का याचाही नव्हता. त्यांनी विचारलं, "तू मराठी आहेस, याला पुरावा?"

मी म्हटलं, "काका, मी मराठीतच बोलतेय की."

"मीही डच बोलतो. पंचेचाळीस वर्षं बोलतोय. म्हणून मी डच झालो का?"

शेवटी मी पाठीवरच्या सॅकमधून आईनं दिलेला गोड्या मसाल्याचा डबा काढला. काकांनी झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा वास घेतला आणि म्हणाले, "ग्राह्य." खोली मला मिळाली.

हे न्यूनेनमधलं घर. न्यूनेन म्हणजे आइंडहोवनच्या शेजारचं एक गप्प गाव. आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कामासाठी आमच्यासारखे पुण्या-मुंबईचे पुष्कळ इंजिनियर येऊन पडलेले असतात आणि त्यांना राहायला जागा मिळत नसते. त्यामुळे हे घर म्हणजे एक म्युझियम आहे हे मला खोली ठरल्यावर कळलं, तरी मी तक्रार केली नाही. माळ्यावरची खोली माझी, मधल्या मजल्यावर काका, आणि खालच्या मजल्यावर इतिहास. स्वयंपाकघर मात्र तिघांत एकच होतं.

इतिहास असा, की शंभरेक वर्षांपूर्वी एक चिनी पुढारी मायदेशातून परागंदा होऊन युरोपात फिरत असताना तापानं फणफणून या घरात येऊन पडले. घर एका डॉक्टरचं होतं. पुढारी इथे एकोणीस दिवस होते. बरे झाल्यावर ते गेले आणि पुढे आपल्या देशात फार मोठे झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण काकांनी ते दारापाशी तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून ठेवलं होतं आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह होतं. डॉक्टरची नात म्हणजे काकांची बायको. ती मी न्यूनेनला जायच्या तीन वर्षं आधी वारली होती. सगळा इतिहास तिच्या माहेरचा, आणि सगळी प्रश्नचिन्हं काकांची.

काका मूळचे साताऱ्याचे. आइंडहोवनच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मापं तपासली. यंत्राचा सुटा भाग केसभर जाड निघाला की परत पाठवायचा, हे त्यांचं काम. असा माणूस निवृत्त होऊन म्युझियम चालवायला लागला तर काय होईल, ते मी चौदा महिने पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही म्युझियममध्ये लिहिलेलं असतं, ही अमक्यांची खुर्ची, हे तमक्यांचं टेबल. काकांच्या खुर्चीवर पाटी होती, 'या खुर्चीवर ते बसले नव्हते. खुर्ची नंतर घेतलेली आहे.' खिडकीवर पाटी होती, 'या खिडकीतून त्यांनी बाहेर पाहिले असू शकेल. पण त्यांना ताप होता.' जिन्यावर लिहिलं होतं, 'यातल्या खालच्या चार पायऱ्या मूळच्या आहेत. ते चालत वर गेले की त्यांना उचलून नेले, हे माहीत नाही.' पलंगावरची पाटी सर्वांत लांब होती. तिच्यात पलंग कुठून आणला ते सांगून शेवटी, हा पलंग या खोलीत ठेवल्याबद्दल क्षमा मागितलेली होती.

पाट्या डचमध्ये होत्या. मला काका त्यांचं मराठी करून सांगत. मी विचारलं, चिनीत का नाहीत? तर म्हणाले, "मला चिनी येत नाही. भाषांतर बरोबर आहे याला पुरावा काय?"

म्युझियम शनिवारी एक ते चार उघडं असे. माणसं यायची ती बहुतेक चुकून. न्यूनेनला लोक येतात ते एका जगप्रसिद्ध चित्रकारासाठी. तो या गावात काही काळ राहून गेला आणि त्याचं खरं मोठं म्युझियम दोन रस्ते पलीकडे आहे. दमलेभागलेले टूरिस्ट आमच्या फाटकाशी सायकली लावायचे. म्हणून काकांनी फाटकावरच लिहून ठेवलं होतं, 'चित्रकार इथे राहत नव्हता. डावीकडे वळा.' येणारं गिऱ्हाईक असं दारातूनच परत पाठवणारा म्युझियमवाला मी दुसरा पाहिलेला नाही. पण पाटी वाचूनही जो आत आला त्याची सुटका नसे. त्याला काका दोन तास, एकही गोष्ट खात्रीनं न सांगता, सगळं घर दाखवत.

माझ्याही वस्तूंना त्यांनी सोडलं नाही. स्वयंपाकघर म्युझियममध्ये मोडत असल्यामुळे शनिवारी माझ्या प्रेशर कुकरवर पाटी लागे, 'ही वस्तू भाडेकरूची. चिनी नेत्यांचा हिच्याशी संबंध नाही.' एक जर्मन जोडपं त्या कुकरसमोर फार वेळ उभं राहिलं. इतक्या पाट्यांमध्ये ही एकच ठाम पाटी असल्यामुळे त्यांना ती महत्त्वाची वाटली असावी. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि नवऱ्यानं बायकोला धरून टेबलाखाली घेतलं. काकांनी त्यांना बाहेर काढून शांतपणे सांगितलं, की आत तूरडाळ आहे, आणि याला पुरावा हवा असेल तर दहा मिनिटं थांबावं लागेल. ते थांबले. जेवूनही गेले.

या सगळ्या नकारांच्या घरात फक्त एक गोष्ट खरी होती. ती म्हणजे किटली.

मोठी तांब्याची किटली, बाहेरून चुलीच्या काजळीनं काळीकुट्ट, आणि त्या काजळीत उमटलेला उजव्या हाताचा ठसा. पंजा आणि चार बोटं, स्पष्ट. काका वर्षानुवर्षं बायकोच्या या कौटुंबिक गोष्टीची टिंगल करत आले होते. कुणाच्या वाढदिवसाला तिनं आजोबांची आणि चिनी पाहुण्याची गोष्ट सुरू केली, की हे सगळ्यांदेखत विचारायचे, "पुरावा?" अशी पंचवीस वर्षं गेली. मग एक दिवस ती माळा आवरायला चढली आणि ही किटली घेऊन खाली आली. म्हणाली, आजी सांगायची, पाहुण्याला स्वतःचं पाणी स्वतः उकळून घ्यायची सवय होती. ही बघ, त्याच्या हाताची खूण.

त्या दिवसापासून काका तिच्या बाजूचे झाले. म्युझियम काढलं ते त्या किटलीपायी. किटलीवर काचेचा घुमट बसवला. ठसा गोलाईवर उमटलेला असल्यामुळे तो सपाट केला तर केवढा होईल, याचं गणित त्यांनी मांडलं. मापं घेतली, पुन्हा घेतली, उन्हाळ्यात वेगळी आणि हिवाळ्यात वेगळी घेतली, आणि शेवटी एका मोठ्या कागदावर त्या हाताचं ड्रॉइंग काढलं. प्रत्येक पेराचं माप, प्रत्येक मापापुढे चूकभूल किती चालेल तो आकडा. खाली उजव्या कोपऱ्यात कारखान्यात असतो तसा तक्ता: विषय, 'चिनी नेत्यांचा उजवा हात', काढणारा, काकांची सही, तपासणारा, रिकामं. तपासणाऱ्याचा चौकोन कुणालाही भरू देत नसत. म्हणत, "दुसऱ्या कुणी मोजलंय का? नाही ना? मग?"

त्या हाताची अनामिका करंगळीकडे किंचित वाकलेली होती. सात अंश. काकांच्या मते ही जखम पुढाऱ्यांना मायदेशातल्या चळवळीत झाली असणार. आयुष्यात त्यांनी पुराव्याशिवाय केलेलं हे एकमेव विधान. त्यावर त्यांनी गावच्या वाचनालयात व्याख्यानही दिलं. ते व्याख्यान ते मला महिन्यातून एकदा ऐकवत, आणि दर वेळी एकाच जागी थांबून खिन्न होत. "बोटाचा भाग सुरू झाला आणि नेमकी हिला खोकल्याची उबळ आली. बाहेर गेली ती शेवटपर्यंत आतच आली नाही. सगळ्यात महत्त्वाचा भाग हुकला बिचारीचा."

बायकोच्या मागे घर काका आणि तिची दोन भावंडं अशा तिघांच्या नावावर आलं. भावंडांना ते विकायचं होतं. काकांना मरेपर्यंत तिथून हलायचं नव्हतं. बरीच बोलाचाली होऊन शेवटी असं ठरलं, की चिनी पुढाऱ्यांच्या जन्मगावी त्यांचं जे मोठं म्युझियम आहे त्या लोकांनी येऊन हे घर खरं मानलं, तर विकायचं नाही. नाहीतर वसंतात फाटकावर विक्रीची पाटी लागेल. काकांनी चीनला पत्रं पाठवली. चौथ्या पत्राला उत्तर आलं, की आम्ही दोन महिन्यांनी, एका शनिवारी तीन वाजता येत आहोत आणि हाताचा ठसा पाहायला उत्सुक आहोत.

त्याच सुमाराला तीन महिन्यांच्या व्हिसावर माझी आई चिंचवडहून आली.

आईचं आणि काकांचं पहिल्या दिवसापासून जमलं. ती त्यांना भाऊ म्हणायची, ते तिला ताई. काकांनी तिला सगळं म्युझियम दाखवलं. खुर्चीपाशी आई म्हणाली, "अहो भाऊ, बसलेच नव्हते तर खुर्ची ठेवलीय कशाला?"

"बसले नव्हते हे दाखवायला."

"मग मी बसू? गुडघे दुखतायत."

काका विचारात पडले. त्या खुर्चीवर कुणीच बसायचं नाही असा नियम होता. पण चिनी नेते बसले नव्हते, तर नियम कशासाठी होता, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना. आई तोवर बसलीसुद्धा.

तिला एकच गोष्ट सहन होत नव्हती, ती म्हणजे किटली. सहा आठवडे तिनं ती काचेखालची काळी किटली पाहिली आणि गप्प राहिली. माझ्या आईच्या बाबतीत हा विक्रम होता. मी तिला किटलीचं महत्त्व सांगितलं होतं. म्हणजे, सांगितलं होतं असं मला वाटत होतं. काकांनी मात्र शुक्रवारी तिला भलतंच सांगून ठेवलं. म्हणाले, "ताई, उद्या पाहुणे यायचेत. आमच्या घराची सगळी लाज या किटलीवर आहे."

शनिवारी सकाळी काकांनी काचेचा घुमट पुसायला म्हणून उतरवला, किटली ओट्यावर ठेवली आणि ते बेकरीत गेले. पाहुण्यांसाठी फ्लाय आणायचा होता; फ्लाय म्हणजे तिकडचा फळं घातलेला मोठा थोरला गोल केक. मी माळ्यावर केस धूत होते. खाली आले तेव्हा स्वयंपाकघरात चिंचेचा वास भरला होता आणि टेबलावर, क्रोशाच्या रुमालावर, एक झगझगीत किटली होती. तिच्यात मला माझा ओला चेहरा दिसत होता.

आई पदराला हात पुसत होती. "बघ, कशी निघालीय. हात भरून आले गं. एकटा पुरुषमाणूस, त्यांना कुठलं जमायला."

"आई, तिच्यावर हाताचा ठसा होता."

"होता की. कुणीतरी काळ्या हातांनी धरली होती मेली. तोच निघत नव्हता. दोनदा चिंच-मीठ लावलं तेव्हा कुठे गेला."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि फाटक वाजलं. काका फ्लायचा खोका दोन्ही हातांत धरून आत आले. त्यांनी किटलीकडे पाहिलं. खोका अगदी जपून टेबलावर ठेवला, त्याचा कोपरा टेबलाच्या कडेशी समांतर केला, आणि खुर्चीवर बसले. त्याच खुर्चीवर. "पुरावा," एवढंच म्हणाले. त्या शब्दाच्या शेवटी पहिल्यांदाच प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. घर जाणार, हेही सांगितलं. ती आधी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "एवढंच ना? काजळी धरता येते. तुझ्यासाठी काजळ मी घरीच धरत होते. निरांजन आण."

मला हे सांगताना आजही लाज वाटते, पण आम्ही तिघांनीही ते केलं. निरांजनात चार वाती घातल्या. आईनं किटली ज्योतीवर तिरकी धरली आणि अर्ध्या तासात एक बाजू सुरेख काळी झाली. काका कळसूत्री बाहुलीसारखे उठले आणि वरून ड्रॉइंग आणि मोजमापाचं साहित्य घेऊन आले. एवढी लबाडी करायची, पण मापात करायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. माझा हात मोजला. "मधलं बोट चार मिलिमीटर जास्त. रिजेक्ट." स्वतःचा मोजायची गरजच नव्हती, त्यांचा पंजा फावड्याएवढा होता. मग आईचा हात. पंजाची रुंदी बसली. तर्जनी बसली. मधलं बोट बसलं. काकांचा आवाज चढत गेला. चिंचवडची माझी आई अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं चिनी पुढारी ठरत होती.

"फक्त अनामिका," काका म्हणाले. "ही जरा वाकवावी लागेल. ताई, हात धरू का?"

"धरा की."

काकांनी आईचं बोट दोन बोटांत धरलं आणि हळूच करंगळीकडे वाकवलं. "अजून थोडं. असं नाही. असं... जरासं असं वळवून..." आणि थांबले. बोट तसंच धरून ठेवलं.

"काका?" मी म्हटलं.

"हे माझ्या हाताला माहीत आहे," काका म्हणाले. "हे वाकवणं. दवाखान्यात तिची अंगठी काढायची होती. नर्सला जमेना. इथे अंगठी उजव्या हातात घालतात ना. सायकलवरून पडल्यापासून तिचं ते बोट जरा वाकडं होतं, सांध्यावर अंगठी अडायची. मग मीच साबण लावून काढली. अशी. असं वळवून."

त्यांनी आईचं बोट सोडलं आणि किटली उचलून उलटी केली. आईनं बूडही सोडलं नव्हतं. इतकी वर्षं काजळीच्या थराखाली असलेला शिक्का आता लख्ख दिसत होता. आइंडहोवनच्या एका भांड्यांच्या दुकानाचं नाव, आणि खाली टेलिफोन नंबर. चांगला लांबलचक. काकांनी तो आकड्याला आकडा मोजला. शंभर वर्षांपूर्वी एवढे आकडे तिथे कुणाच्याच फोनला नव्हते.

"सासूबाईंची किटली," काका म्हणाले. "हरवली म्हणून आम्ही सगळं घर शोधलं होतं. हीसुद्धा शोधत होती माझ्याबरोबर."

मग त्यांनी आईकडे पाहिलं. "ताई, तिला खोकला नव्हता."

आणि काका हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. रोज सकाळी ज्या हातानं त्यांना ब्रेडला लोणी लावून दिलं, तो हात समोर असताना ते शेजारच्या खोलीत जाऊन त्याच हाताची मापं घेत होते आणि त्याच बोटावर व्याख्यान देत होते. पंचवीस वर्षं पुरावा मागितला नवऱ्यानं. शेवटी कंटाळून तिनं तो स्वतःच्या हातानं दिला होता. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच फ्लायचा खोका सरळ करत राहिले. तो सरळच होता.

आई म्हणाली, "भाऊ, तीनपर्यंत वेळ आहे अजून. मी बोट वाकवते, कसंही करून वाकवते. घर तरी राहील."

"घर राहील," काका म्हणाले. "पण तिचा हात होता तिथे तुमचा ठेवायचा?"

आईनं निरांजन शांत केलं.

तीनला पाहुणे आले. जन्मगावच्या म्युझियमच्या प्रमुख, एक ठेंगण्या, करड्या बाई. बरोबर तीन माणसं आणि इंग्रजी बोलणारा दुभाषा. काकांनी त्यांना नेहमीसारखं सगळं घर दाखवलं. पाट्यांचं इंग्रजी काकांनी करायचं, दुभाष्यानं चिनी. बसले नव्हते, माहीत नाही, असू शकेल, पलंगाबद्दल क्षमा. दुभाष्यानं दोनदा थांबून काकांना विचारलं, की मी नीट ऐकलं ना? बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. शेवटी त्या किटलीसमोर उभ्या राहिल्या. एक बाजू लख्ख, एक बाजू ताजी काळी, आणि ठसा कुठेच नाही.

काकांनी सगळं सांगितलं. सासूबाईंची किटली, माळा, खोकला, चिंच, सकाळचं निरांजन, सगळं. आईकडे बोट दाखवून तिची ओळखही करून दिली. आईनं नमस्कार केला.

बाईंनी वाकून किटलीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि दुभाष्याच्या तोंडून तो इंग्रजीत आला तेव्हा मी आणि आई दोघी दचकलो. "मग ते या घरात आले होते, याला पुरावा काय?"

काका म्हणाले, "माझी बायको सांगायची."

पाहुण्यांनी फ्लाय खाल्ला, आईचे पोहे खाल्ले. पोहे खाताना बाई जरा सैलावल्या. म्हणाल्या, आमच्याकडे त्यांचे नऊ चष्मे आहेत, सगळे वेगवेगळ्या नंबरांचे. आजवर कुणी काही विचारलेलं नाही. जाताना खुर्चीवरच्या पाटीचा त्यांनी फोटो काढून घेतला. पंधरा दिवसांनी फार अदबीनं लिहिलेलं पत्र आलं, की पुराव्याअभावी हे घर आम्हाला मान्य करता येत नाही. काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मीही हेच लिहिलं असतं."

वसंतात घर विकलं गेलं. तिथे आता एक डच कुटुंब राहतं आणि चित्रकाराची माणसं अजूनही त्यांच्या फाटकाशी सायकली लावतात. काका आइंडहोवनला सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी भेटायला गेले तेव्हा बाल्कनीच्या दारावर पाटी होती, 'या बाल्कनीत चिनी नेते उभे राहिले नव्हते. पुरावा: इमारत नवीन आहे.' इतका भक्कम पुरावा आपल्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालाय, असं त्यांनी मला फार आनंदानं सांगितलं.

पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती आई परत निघाली ती सकाळ. घर अजून काकांचंच होतं, पत्र येऊन गेलं होतं. मी बॅगा खाली आणत होते. आईनं तोवर काकांशी त्या किटलीविषयी पुन्हा अवाक्षर काढलं नव्हतं. तिच्या मनाला ते लागून राहिलं होतं. काका ड्रॉइंग घेऊन आले आणि त्यांनी ते टेबलावर पसरलं. खालच्या तक्त्यात 'चिनी नेत्यांचा उजवा हात' यावर सरळ रेघ मारलेली होती आणि वर त्यांच्या रेखीव अक्षरात बायकोचं नाव होतं. काढणारा, काकांची सही. तपासणारा, रिकामं.

काकांनी आईपुढे पेन धरलं. "ताई, इथे सही करा."

आई मागे सरली. "भाऊ, मी कुठली? मी तर पुसलं."

"म्हणूनच. मी लांबून मापं घ्यायचो, कधी हात लावला नाही. तुम्ही बोट न् बोट घासून काढलंत. शेवटचं तुम्हीच पाहिलंत." काकांनी पेन तसंच पुढे धरलं. "होता ना हात?"

आईनं ड्रॉइंगवरच्या त्या वाकड्या बोटावर आपलं बोट ठेवलं. "होता हो, भाऊ," ती म्हणाली. "दोनदा घासलं, तरी निघत नव्हता."

"मग करा सही," काका म्हणाले.

आईनं त्या चौकोनात मराठीत सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बँकेत करते तशी. काकांनी फुंकर घालून शाई वाळवली, चष्मा पुसला, सही नीट पाहिली आणि म्हणाले, "ग्राह्य."